ओल्या कातळावरचा बेडूक
कल्याणहून कर्जत लोकलने नेरळला उतरलं की समोर माथेरानचा डोंगर उभा असतो. तिथल्याच नमुन्यांवरून बूलेंजर यांनी १८८८ मध्ये लीथच्या बेडकाचं शास्त्रीय वर्णन केलं. निसर्गसंवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूसीएन) तो ‘असुरक्षित’ ठरवला आहे. त्याची शेपटीवाली पिल्लं तळ्यात पोहत नाहीत! पावसाळ्यात पाझरणाऱ्या कातळाला चिकटून ती शेवाळ खरवडतात, धोका दिसताच टुणकन उडतात. पाण्याचा तो पातळ थरच त्यांची पाणथळ जागा. पण नकाशावर ती उमटत नाही, म्हणून रस्त्यासाठी कडा तासताना कुणी थांबतही नाही. माथेरान मात्र २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. येऊर-मलंगगडच्या पावसाळी वाटांवरही पाझरत्या कातळावर पाय देण्याआधी वाकून पाहा.