संत्र्याची साल : त्याज्य की ग्राह्य?

अंबिया बहराची संत्री बाजारात आली, की नागपुरात फळांच्या रसाच्या गाड्यांमागे सालींचे ढीग साचू लागतात. या सालींत ‘अँटिऑक्सिडंट’ विपुल असतात असे वाचून रुग्ण आम्हांस विचारतात, “वैद्यराज, साल वाळवून घेतली तर चालेल का?”

सुश्रुताचार्यांनी फळवर्गात मातुलुंगाच्या त्वचेचे गुण फळाच्या इतर भागांहून पृथक् सांगितले आहेत. ही त्वचा तिक्त, दुर्जर आणि वात, कृमी व कफ यांचा नाश करणारी आहे. संत्रे हे मातुलुंग नव्हे. तेव्हा ते गुण त्याला जसेच्या तसे लावणे अनुचित होय. तथापि एकाच फळाची साल व रस ही भिन्न द्रव्ये मानावीत, ही दृष्टी मोलाची आहे.

आधुनिक रसायनशास्त्राने १८२८ साली संत्रावर्गीय सालीच्या आतील पांढऱ्या, स्पंजासारख्या थरातून हेस्पेरिडिन वेगळे केले. बाहेरील रंगीत भागात नोबिलेटिन व टँजेरेटिन असतात. परीक्षानळीत सालीचा अर्क मुक्त मूलकांना निष्प्रभ करतो, हे खरे. परंतु हेस्पेरिडिन पाण्यात अत्यल्प विरघळते आणि मोठ्या आतड्यातील जंतूंनी त्यातील शर्करांश वेगळा केल्यावरच त्याचे बरेचसे शोषण होते. परीक्षानळीतील आकडा म्हणजे मात्रा नव्हे. येथे आम्हांस ‘दुर्जर’ हा शब्द आठवतो. अर्थात हा पुरावा नव्हे.

आमची एक चूक येथे नमूद करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गाडीवरील साली आणून, धुऊन, गच्चीवर वाळवून चूर्ण केले. साल वरून कोरडी दिसली, तरी आतील पांढरा थर ओलसर होता. पावसाळ्यात बरणीवर बुरशी आली व सारे चूर्ण टाकून द्यावे लागले. त्याहून गंभीर बाब अशी, की त्या फळांवर काय फवारले होते हे आम्ही विचारलेच नव्हते. कीटकनाशकांचे अंश गरापेक्षा सालीतच अधिक राहतात आणि नुसत्या धुण्याने ते सर्व जात नाहीत. कचऱ्यातील द्रव्य फुकट मिळते. ते औषध करणे मात्र फुकटात होत नाही!

आता आम्ही परिचित बागेतील ताजी साल सावलीत, वाकविताच मोडेपर्यंत वाळवितो. आम्लपित्ताच्या रुग्णास ती देत नाही आणि ती चालू औषधांच्या जागी घेऊ देत नाही. ज्या बागायतदारास शेवटच्या फवारणीची तारीख सांगता येत नाही, त्याची फळे आमच्या घरी खाण्यास येतात. साल औषधास नाही.