उड्डाण रद्द झाल्यास विमानप्रवाशाचे हक्क : युरोपीय संघाच्या विनियमाच्या संदर्भात

विमानाचे उड्डाण रद्द झाल्यानंतर भाड्याचा परतावा आणि नुकसानभरपाई या दोन भिन्न बाबींची गल्लत होताना दिसते. युरोपीय संघाचा विनियम क्रमांक २६१/२००४ हा १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यातील कलम ८ प्रवाशापुढे तीन पर्याय ठेवते : ७ दिवसांत भाडे परत घेणे, शक्य तितक्या लवकर पर्यायी मार्गाने इच्छित स्थळी पोहोचणे, अथवा जागा उपलब्ध असल्यास सोयीच्या तारखेस प्रवास करणे. ही निवड कंपनीने नव्हे, तर प्रवाशाने करावयाची असते. मुंबईहून युरोपीय कंपनीच्या विमानाने संघातील देशात जाणाऱ्या प्रवाशासही सामान्यतः हे संरक्षण लाभते.

असाधारण परिस्थितीत नुकसानभरपाई देण्यातून कंपनीची सुटका होते. परतावा वा पर्यायी प्रवासाची जबाबदारी मात्र टळत नाही. २०२० मध्ये कोविड-१९ च्या काळात अनेक कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी व्हाउचर पुढे केले. तथापि, प्रवाशाच्या स्वाक्षरीयुक्त संमतीविना व्हाउचर हा परतावा ठरू शकत नाही. म्हणून उड्डाण रद्द होण्याचे कारण कोणतेही असो, प्रवाशाने व्हाउचर स्वीकारण्यापूर्वी आपला पर्याय कंपनीस लेखी कळविणे हिताचे ठरते.