दोन बाप आणि एक घोडा

ॲलन पेटन या गोऱ्या दक्षिण आफ्रिकी लेखकाची ‘क्राय, द बिलव्हड कंट्री’ ही कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिथे नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे उघड धोरण बनले. काळ्या-गोऱ्यांच्या समेटाची कथा म्हणून ही कादंबरी वाचली जाते. मला तिच्यातील दोन बाप शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. दुःख सारखे झाले की माणसे सारखी होतात, हा समज त्यातून तपासता येतो.

स्टीफन कुमालो हा एन्डोत्शेनी खेड्यातला झुलू पाद्री. जेम्स जार्व्हिस हा त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाचा गोरा शेतकरी. कुमालोचा मुलगा ॲब्सलम जोहान्सबर्गमध्ये चोरीसाठी एका घरात शिरतो आणि घाबरून गोळी झाडतो. मरतो तो जार्व्हिसचा मुलगा आर्थर, काळ्यांना न्याय मिळावा म्हणून लिहिणारा. एकाचा मुलगा गोळीने जातो, दुसऱ्याचा फासावर. इथवर तराजू समतोल दिसतो.

पण दोघांनाही मुलगा कळतो तो गमावल्यावर, आणि कळण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. जार्व्हिस मुलाच्या अभ्यासिकेत बसून त्याचे अपुरे लेख वाचतो. कुमालो मात्र कारखाना, झोपडवस्ती, सुधारगृह असा मुलाचा माग काढत हिंडतो. एका बापाला मुलाचे विचार वारशाने मिळतात, दुसऱ्याला मुलाची गरोदर बायको. न्यायालयातही गोरे एका बाजूला बसतात, काळे दुसऱ्या. खरे सांगणाऱ्या ॲब्सलमला फाशी होते. नाकबूल करणारे त्याचे साथीदार सुटतात.

मूळ प्रश्न जमिनीचा आहे. १९१३ च्या कायद्याने तिथल्या बहुसंख्य काळ्यांना देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली. १९३६ च्या कायद्याने ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांवर नेली. म्हणून टेकडीवर हिरवे गवत आणि खाली धुपलेली लाल माती. तरणी पोरे शहराकडे जातात ती या मातीमुळे. ॲब्सलम त्यांतलाच एक.

पुढे जार्व्हिस खेड्यातल्या मुलांना दूध देतो, बांध घालायला पुढाकार घेतो, शेतीशिक्षक आणतो, नवे चर्च बांधून द्यायचे ठरवतो. त्याच्या मनाविषयी मला शंका नाही. परंतु हृदयपरिवर्तनाने दाता चांगला होतो. घेणारा हक्कदार होत नाही. हे कादंबरीतच नेपोलियन लेत्सित्सी हा तरुण शेतीशिक्षक ओळखतो. जमीन अपुरी ठेवली ती गोऱ्यांनीच, हे तो कुमालोला सुनावतो. कुमालो त्याला द्वेष करू नको, सत्तेची इच्छा धरू नको, असे सांगतो. सत्ता ज्याच्या हाती आहे त्या जार्व्हिसला हा उपदेश कुणी करत नाही!

शेवटी, मुलाच्या फाशीच्या आदल्या संध्याकाळी कुमालो पायी डोंगर चढत असतो. वाटेत घोड्यावरून येणारा जार्व्हिस भेटतो. म्हातारा रडतो. जार्व्हिस अवघडून घोड्यावरच बसून राहतो. खाली उतरता आले असते, पण तसे सहजी केले जात नाही, अशा अर्थाचे पेटन लिहितात.

ही त्यांची प्रामाणिकता मला मोलाची वाटते. जार्व्हिसला करुणा आहे. तरीही दोन बापांमध्ये घोड्याची उंची उरते. ती उंची त्या घोडेस्वाराच्या स्वभावातून आलेली नाही. ती व्यवस्थेने दिली आहे. आपण साहित्यातली करुणा वाचताना आधी एवढेच विचारावे : रडणारा कुठे उभा आहे, आणि सांत्वन करणारा खाली उतरला आहे काय?