इंजिन थांबले, चाक थांबले नाही

वर्गातल्या पंख्याचे बटण बंद केल्यावर पंखा त्याच क्षणी थांबतो का? थांबत नाही. तो हळूहळू मंदावतो आणि बऱ्याच वेळाने स्थिर होतो. ही गोष्ट तुम्ही रोज पाहता, आणि परीक्षेत ‘जडत्व म्हणजे काय?’ असा प्रश्न आला की तिचे उदाहरणही देता. मीही गेली वीस वर्षे महाविद्यालयात हेच शिकवीत आलो आहे. तरीसुद्धा एके दिवशी मी ही गोष्ट साफ विसरलो, आणि माझा उजवा हात जाता जाता वाचला. कसा, ते सांगतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. त्या भागात आमच्या घरची आंब्याची लहानशी वाडी आहे. वादळ ओसरल्यावर पाहतो तो कलमे उन्मळून पडलेली, माड मोडलेले आणि वाडीभर फांद्यांचा खच! मोठी खोडे वखारीत गेली, जाड लाकूड सरपणाला ठेवले. पण मनगटाएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्यांचे काय करायचे? जाळल्या तर धूर, आणि पाचोळ्यातून मिळणारे खतही वाया. शेवटी थोरल्या बंधूंनी पेट्रोलवर चालणारे एक यंत्र विकत घेतले. त्याला ‘चिपर’ म्हणतात. एका बाजूने फांदी आत सारायची की दुसऱ्या बाजूच्या नळीतून तिच्या चिपा भराभर बाहेर पडतात. या चिपा झाडांच्या बुंध्याभोवती पसरल्या की जमिनीचा ओलावा टिकतो, तण कमी उगवते आणि सावकाश कुजून त्यांचे खत होते.

कडबाकुट्टीचा थोरला भाऊ

तुमच्यापैकी अनेकांनी कडबाकुट्टी पाहिली असेल. तिच्या मोठ्या चाकाच्या आऱ्यांवर पाती बसवलेली असतात. चाक फिरले की पाती तोंडाशी आलेला कडबा कापत जातात. आमचे यंत्रही याच जातीचे. यात आऱ्यांच्या चाकाऐवजी पोलादाची भरीव, जड तबकडी असते. तिच्यावर दोन धारदार पाती बसवलेली असतात आणि समोर यंत्राच्या सांगाड्याला एक पाते पक्के जखडलेले असते. फिरते पाते आणि स्थिर पाते यांच्यामध्ये फांदी सापडते व कातरीत सापडल्यासारखी कापली जाते.

आता थोडा हिशेब करू. तबकडीचा व्यास ४० सेंटीमीटर, वस्तुमान २० किलोग्रॅम आणि वेग मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४० फेरे, असे धरा. एका फेऱ्यात काठावरचा बिंदू सुमारे सव्वा मीटर जातो. म्हणून काठाचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजेच ताशी १८० किलोमीटर झाला!

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. परंतु तबकडीचे सगळे कण सारख्या वेगाने फिरत नाहीत. मध्याजवळचे कण सावकाश फिरतात, काठावरचे वेगाने. सर्व कणांच्या ऊर्जेची बेरीज केली तर भरीव तबकडीसाठी दोनऐवजी चारने भागावे लागते. म्हणून ऊर्जा = २० × ५० × ५० ÷ ४ = १२,५०० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने ५० किलो वजनाच्या मुलाला सुमारे २५ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ आठमजली इमारतीच्या गच्चीवर, उचलता येईल.

साठवलेली ऊर्जा

आमच्या यंत्राचे इंजिन सात अश्वशक्तीचे आहे. त्याची शक्ती सुमारे ५००० वॅट, म्हणजे ते सेकंदाला ५००० ज्यूल ऊर्जा देते. जाड फांदीचा एकेक काप घेताना लागणारा जोर क्षणभर याहून कितीतरी अधिक असतो. मग इंजिन बंद कसे पडत नाही? कारण तो जोर इंजिन लावीतच नाही, तबकडी लावते. इंजिन तिच्यात सतत थोडी थोडी ऊर्जा भरत राहते, आणि तबकडी कापायच्या क्षणी ती झटक्यात देऊन टाकते. पावसाळ्यात भरून ठेवलेल्या हौदातून भराभर पाणी काढावे, तसाच हा प्रकार.

फेरे २४०० वरून २००० वर आले, तर वेग फक्त एक षष्ठांशाने कमी झाला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तिच्यातली सुमारे ३८०० ज्यूल, म्हणजे तीन दशांश, खर्ची पडली. म्हणून यंत्र चालवणाऱ्याने कान इंजिनाकडे ठेवावा. आवाज जड झाला की फांदी रेटणे थांबवावे आणि चाकाला पुन्हा वेग घेऊ द्यावा.

हीच साठवण आपल्यावर कशी उलटते, ते पाहा.

तो दिवस

जुलै महिना होता. फांद्या ओल्या, पाने हिरवी. चिपा बाहेर पडण्याची नळी पानांच्या लगद्याने तुंबली. मी इंजिन बंद केले. एवढा वेळ कानठळ्या बसवणारा आवाज थांबला आणि सगळीकडे शांत शांत वाटले. हातात काजूची एक काठी होती. ती मी नळीत घातली, लगदा निघेना म्हणून वाकलो आणि हातही कोपरापर्यंत आत घालू लागलो. इतक्यात मागून आमच्याकडे कामाला असलेले काका ओरडले, “भाऊ, हात काढा! चाक फिरतंय अजून!” त्यांनी माझा दंड धरून मला मागे खेचले. त्याच क्षणी काठी हातातून हिसकली गेली आणि तिचे तीन तुकडे होऊन पडले.

काकांनी पूर्वी भातगिरणीवर काम केले होते. गिरणी बंद केल्यावर चाक किती वेळ घरघरते, हे त्यांच्या कानाला ठाऊक होते. मी आयुष्यभर जडत्व शिकवले, पण माझ्या कानांनी इंजिनाची शांतता म्हणजेच यंत्राची शांतता असे मानले होते.

असे का झाले? आमच्या यंत्रात इंजिन आणि तबकडी यांच्यामध्ये अपकेंद्री क्लच आहे. इंजिन वेगाने फिरू लागले की क्लचमधले गुटके बाहेर फेकले जातात, बाहेरच्या डब्याला आतून घट्ट टेकतात आणि तबकडी फिरू लागते. इंजिनाचा वेग उतरला की स्प्रिंगा गुटक्यांना आत ओढतात आणि जोड सुटते. म्हणजे इंजिन बंद होताच तबकडी मोकळी होते! तिला थांबवायला उरते ते बेअरिंगचे घर्षण आणि हवेचा विरोध. पुढे मी घड्याळ लावून पाहिले. इंजिन बंद केल्यापासून तबकडी पूर्ण थांबेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद लागले. आणि ती फिरते आहे हे डोळ्यांनाही चटकन कळत नाही, कारण सेकंदाला अनेक फेरे घेणारी पाती एकेकटी दिसतच नाहीत.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला : इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटे यंत्राला कोणी शिवायचे नाही. त्यानंतर स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करायची, आणि मगच झाकण उघडायचे.

टोपी कशासाठी? अशा इंजिनाला बहुधा बॅटरी नसते. इंजिनाच्या चाकावर चुंबक असतो आणि शेजारी तारेचे वेटोळे. चुंबक वेटोळ्याजवळून गेला की तारेत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. काही यंत्रांत क्लच नसतो, इंजिन आणि तबकडी पट्ट्याने कायम जोडलेली असतात. तिथे पाती बदलताना हाताने तबकडी फिरवली की इंजिनही फिरते. चक्र दोरीने फिरले की हाताने, हे चुंबकाला काय ठाऊक? ठिणगी पडली तर इंजिन धक्का देईल. क्लच असला तरी कोणी नकळत दोरी ओढू शकतो. टोपी काढली की दोन्ही धोके टळले.

निगा म्हणजे पदार्थविज्ञानच

यंत्र विकत घेणे सोपे, पण त्याची निगा राखायला डोके लागते. प्रत्येक कामामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातले एखादे तत्त्व आहे.

धार : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बोथट पात्याची कड दहापट रुंद झाली, तर तेवढ्याच बलाने दाब एक दशांश पडतो. मग लाकूड कापले न जाता चिरडले जाते. नळीतून स्वच्छ चिपांऐवजी भुसा आणि धागे येऊ लागले की धार गेली असे समजावे. सहाणयंत्रावर धार लावताना पाते मधून मधून पाण्यात बुडवावे. ते फार तापून निळे पडले तर पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

समतोल : दोन्ही पाती एकाच वेळी काढावी, दोहोंना सारखी धार लावावी आणि ताजव्यात तोलून पाहावी. मध्यापासून १५ सेंटीमीटरवर बसवलेल्या पात्यांत केवळ १० ग्रॅमचा फरक राहिला, तरी २४०० फेऱ्यांना तबकडीच्या दांड्याला सुमारे ९५ न्यूटन ओढ बसते. म्हणजे साडेनऊ किलोहून अधिक वजन सेकंदाला ४० वेळा दिशा बदलत बेअरिंगला हिसके देत राहते!

फट : फिरते आणि स्थिर पाते यांतली फट साधारण १ मिलिमीटर असते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. फट वाढली की कातरीचा खिळा सैल झाल्यासारखे होते, आणि ओली साल दुमडून मध्ये अडकते.

इंधन : पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवले तर त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्या भागातून चिकट राळ बनते. कार्ब्युरेटरचे सुईएवढे छिद्र तिने बुजते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतले बाष्प शोषते आणि कोकणात बाष्पाला तोटा नाही. म्हणून यंत्र बरेच दिवस ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

हवा आणि तेल : भुशाने हवेची गाळणी चोंदली की इंजिनाला प्राणवायू अपुरा पडतो आणि काळा धूर निघतो. इंजिनावरच्या पातळ पंखांत भुसा बसला तर उष्णता बाहेर पडत नाही. हे दोन्ही भाग वरचेवर साफ करावे. तेलाची पातळी यंत्र सपाट जागी ठेवून रोज पाहावी. पेट्रोल भरायचे ते इंजिन निवल्यावरच. आणि बंद पडवीत यंत्र कधीच सुरू करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हात आणि वेळ

आता शेवटचा हिशेब. दोन पाती, सेकंदाला ४० फेरे, म्हणजे सेकंदाला ८० काप. प्रत्येक काप ५ मिलिमीटरचा धरला तर फांदी सेकंदाला ४० सेंटीमीटर वेगाने आत ओढली जाते. धोका दिसल्यापासून हात मागे घ्यायला सुरुवात होईपर्यंत माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात फांदी ८ सेंटीमीटर आत गेलेली असते. म्हणूनच ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आणि आखूड फांद्या या यंत्राजवळ चालत नाहीत. फांदी आत शिरू लागली की सोडून द्यावी आणि बाजूला उभे राहावे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच. आणि तुम्ही विद्यार्थ्यांनी हे यंत्र लांबूनच पाहायचे, चालवायचे नाही.

करून पाहा

सायकल उलटी करून बैठकीवर आणि हँडलवर उभी करा. पायडल हाताने फिरवून मागच्या चाकाला वेग द्या आणि पायडल थांबवा. चाक फिरतच राहील, कारण फ्रीव्हील त्याला मोकळे सोडते, आमच्या क्लचप्रमाणेच. चाक थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा. मग काठावर एका जागी शाडूचा लहान गोळा चिकटवून पुन्हा सावकाश फिरवा. चाक थांबते तेव्हा गोळा कुठे असतो? आणि त्याच्या समोरच्या बाजूला तेवढाच दुसरा गोळा लावला तर? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा.

आणि जाता जाता एक प्रश्न : तबकडीचा वेग निम्म्यावर आला, तर तिच्यात किती ज्यूल ऊर्जा शिल्लक राहील? उत्तर काढा. ते शून्याच्या जवळपासही नाही, हे तुमच्या लक्षात येईल. घरातली, शेतातली, गिरणीतली फिरती यंत्रे बंद झाली की आधी हा आकडा आठवा, मग हात पुढे करा.