मीठ बारा

औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका शेततळ्यावर मामांनी जाळं ओढलं आणि निळ्या नांग्यांचा एक झिंगा माझ्या तळहातावर ठेवला. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस. शेपूट आपटत असतानाही पाय हलवून ती मादी त्या घोसाला पाणी देत होती. "अंडी तर धरतात, पण पिल्लू काही दिसत नाही," मामा म्हणाले. "दरसाल बी इकतच आणावं लागतंय." तो घोस डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तळ्याचं पाणी बाटलीत भरून मी कोकणातलं एक बीजकेंद्र गाठलं.

तिथे झिंग्याला कोळंबी म्हणतात. आत शिरताच वाफवलेल्या अंड्याचा वास आला. अंडं आणि दूध पावडर मिसळून खरवसासारखं शिजवतात, चाळणीतून घासतात आणि अळ्यांना भरवतात. तिथल्या ताई मीठ मोजायच्या नळीच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून ती खिडकीकडे धरायच्या. "बारा." पुढची टाकी. "बारा."

म्हणजे लिटरला 12 ग्रॅम मीठ. समुद्रात ते 35 असतं. ही कोळंबी गोड्या पाण्यात वाढते, तिथेच अंडी धरते. 28 अंशांच्या आसपास तीनेक आठवड्यांत नारिंगी अंडी पाटीसारखी करडी होतात. पण त्यातून निघालेली अळी गोड्या पाण्यात चार-पाच दिवसांपलीकडे तग धरत नाही. म्हणून नदीतली आई प्रवाहाबरोबर खाडीच्या तोंडाकडे उतरते. अळ्या तिथे अकरा अवस्था पार करतात, उलट्या, शेपूट पुढे करून पोहत, आणि मग पिल्लं पुन्हा वर चढतात. अळ्या गोड्या पाण्यात का जगत नाहीत, हे कोडं 1961च्या सुमारास मलेशियातल्या पेनांगमध्ये शाओ-वेन लिंग यांनी सोडवलं. अळ्या मरत होत्या, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातलं एकेक काही पाण्यात घालून पाहिलं आणि खारट सोया सॉसने अळ्या जगल्या, असं सांगतात.

ताईंनी एक डबा उघडला. आत गंजासारखी तपकिरी भुकटी. ती होती आर्टेमियाची अंडी, मिठागरात राहणाऱ्या चिमुकल्या कवचधारी जीवाची. एका ग्रॅमला दोन-तीन लाख. पाणी बरं असेल तेव्हा आर्टेमियाची मादी थेट जिवंत पिल्लं देते. मीठ फार वाढलं, प्राणवायू कमी पडला की जाड कवचाची अंडी टाकते, आणि ती वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात. खारं पाणी, उजेड आणि हवा मिळाली की दिवसभरात फुटतात. ताईंनी नुकत्याच फुटलेल्या पिल्लांचा ग्लास दिव्याकडे धरला. नारिंगी ठिपके उजेडाच्या बाजूला गोळा झाले. कोळंबीच्या अळ्यांचं हे खाणं. वाईट दिवसांसाठी राखून ठेवायची ही सोय आर्टेमियाकडे आहे. आमच्या तळ्यातल्या आईकडे नाही. तिला अंडी धरायची आणि पाण्याबाहेरच्या कुणाच्या तरी हातून मीठ मिळेल याची वाट पाहायची. आमच्याकडची पूर्णा नदी गोदावरीला मिळते, गोदावरी समुद्राला. पण शेततळ्याला वाटच नाही.

निघताना बाटली पुढे केली. ताईंनी थेंब ठेवला, खिडकीकडे वळल्या.

"शून्य." काच पुसता पुसता त्या थांबल्या. "आणि तरी ती अंडी धरते?"