घडीचे आसन, पट्टा आणि लेकराचे हाड

चार वर्षांपूर्वी नातीसाठी मी स्कूटरच्या पायदानावर बसणारी घडीची खुर्ची आणली. पाइपचा सांगाडा, वर रेक्झिनची गादी, कमरेला पट्टा. अंबड रस्त्यावर कुत्रे आडवे आले, मी ब्रेक दाबला आणि पोरीचे तोंड हँडलवर आपटले. दुधाचे दोन दात गेले. पट्टा मी लावलेला होता. पण तो कमरेवर राहिला नव्हता, वर सरकून पोटात रुतला होता. त्याचा वळ बरेच दिवस दिसत होता.

पट्टा असूनही असे का झाले, हे शोधता शोधता मी मोटारीतल्या लहान मुलांच्या आसनापर्यंत पोहोचलो. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने 1978 साली मुलांसाठी पहिली ‘बूस्टर’ उशी आणली. मूल उंच बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे, म्हणून ती असते असे आपल्याला वाटते. खरे काम वेगळेच आहे. मोठ्या माणसाचा पट्टा कमरेच्या हाडाच्या पुढच्या कडेवर अडतो. लेकराची ती कड अजून पुरती वाढलेली नसते. त्यात गाडीची बैठक खोल. गुडघे दुमडायला जागा मिळावी म्हणून मूल पुढे घसरते, पाठीला पोक येतो आणि पट्टा पोटावर चढतो. धडकेत मग मार बसतो तो आतड्यांना आणि मणक्याला. उशीमुळे मूल वर येते, गुडघे वेळेवर दुमडतात आणि पट्टा मांड्यांच्या मुळाशी राहतो. युरोपात 135 ते 150 सेंमी उंचीपर्यंत असे आसन सक्तीचे आहे.

घडी करायची म्हटली की खरी अडचण सुरू होते. उंची द्यायची तर आसन जाड हवे, पिशवीत मावायचे तर पातळ. कोणी मध्ये बिजागरी घातली, कोणी हवा भरायची उशी केली. ‘मायफोल्ड’च्या रचनाकारांनी प्रश्नच उलटा केला: मूल वर उचलायचे नाही, दोन्ही बाजूंच्या आकड्यांनी पट्टाच खाली ओढायचा. युक्ती मला फार आवडली. पण बैठकीची खोली तेवढीच राहते, मूल घसरायचे ते घसरतेच, ही शंका काही जात नाही.

आपल्याकडचे घडीचे आसन म्हणजे गोधडी! प्रवासाला निघताना आजी ती लेकराखाली सारते. पण ती दाबली जाते, रेक्झिनवरून सरकते आणि लेकराला सोबत पुढे नेते. त्यापेक्षा नसलेली बरी.

दुचाकीची गोष्ट निराळी. 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला जाकिटासारख्या पट्ट्याने चालकाशी बांधायचे, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट घालायचे आणि वेग 40 किमीच्या आत ठेवायचा. पट्टा 30 किलो पेलणारा हवा. डुलकी लागलेले मूल त्याने पडत नाही, हे खरे. मात्र 40 च्या वेगातली धडक म्हणजे सहा मीटरवरून, साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडणे. नियमात खुर्ची कुठेच नाही, आणि पुढे बसवलेल्या मुलामागून चालकाचे सगळे वजन येते, हे मी स्वतः पाहिले आहे.

मोटारीत चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेले तर हजार रुपये दंड आहे. कायदा 2019 चा. तरी ‘समृद्धी’वर मांडीवर घेतलेली लेकरे सर्रास दिसतात. काळीपिवळीत तर पट्टाच नसतो, आसन लावणार कशाला?

नात आता 115 सेंमीची झाली. जावयांच्या गाडीत मी तिच्यासाठी ताठ, घडी न होणारी उशी ठेवली आहे. डिकीतली जागा जाते म्हणून ते कुरकुरतात.