फोनचा पॅक मध्येच बदलावा का?

समजा, पैठण तालुक्यात एक आबा आहेत. असे आबा गावोगावी भेटतात. आबा गावात राहत होते. तेव्हा दुकानदार म्हणाला, "आबा, वर्षाचा रिचार्ज मारा. स्वस्त पडतो." आबांनी १,८२५ रुपये दिले. वर्षभराची काळजी मिटली, असे त्यांना वाटले.

दोन महिन्यांनी आबा मोसंबीच्या राखणीसाठी शेतातल्या वस्तीवर राहायला गेले. तिथे फोनला रेंज येईना. जाधववाडीच्या बाजारातून आडत्या भाव सांगायला फोन करी, तो लागेना. लेक वाळूजच्या कारखान्यात कामाला. त्याचाही फोन लागेना.

एका रात्री आजींच्या छातीत दुखू लागले. १०८ नंबरची गाडी बोलवायची, तर रेंज नाही. आबा अंधारात बांधाबांधाने पळत शेजारच्या वस्तीवर गेले. शेजाऱ्याचा फोन दुसऱ्या कंपनीचा. तो लागला. गाडी आली. आजी वाचल्या.

दुसऱ्या आठवड्यात आबा गुरुजींकडे गेले.

"गुरुजी, मला तर काही कळंना. वर्षाचे पैसे भरून बसलोय. आता मध्येच कंपनी सोडता येते का? नंबर तर जाणार नाही ना? बँकेत, रेशनला, सगळीकडं हाच नंबर दिलाय."

गुरुजी म्हणाले, "बसा आबा. घाई नको. आधी करार समजून घेऊ. मग हिशेब करू. मग ठरवू."

रिचार्ज हाही करारच

आपण शेत बटाईने देतो, तेव्हा करार होतो. रिचार्ज मारतो, तेव्हाही करारच होतो. आपण पैसे देतो. कंपनी सांगते, इतके दिवस बोलता येईल, इतके इंटरनेट मिळेल. यालाच पॅक किंवा प्लॅन म्हणतात.

पैसे आधी भरले तर तो प्रीपेड फोन. महिना संपल्यावर बिल आले तर तो पोस्टपेड फोन. खेड्यात बहुतेक फोन प्रीपेडच असतात.

करार कोणाला बांधतो?

फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी एक सरकारी संस्था दिल्लीत आहे. तिचे नाव भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. लोक तिला 'ट्राय' म्हणतात. ती १९९७ साली स्थापन झाली.

ट्रायने २००४ साली एक नियम केला. गिऱ्हाईकाने एखादा प्लॅन घेतला, तर पुढचे सहा महिने कंपनीने त्यात गिऱ्हाईकाच्या तोट्याचा बदल करायचा नाही. जास्त मुदतीचा प्लॅन विकला असेल, तर ती सगळी मुदत पाळायची. पण गिऱ्हाईकाला मात्र दुसरा प्लॅन केव्हाही घेता येतो. सहा महिन्यांच्या आतही घेता येतो.

बघा, या करारात कंपनी जास्त बांधलेली आहे. आपण कमी बांधलेले आहोत. पुष्कळांना हे उलटे वाटते.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी भाव वाढवले. त्याआधी ज्यांनी वर्षाचा पॅक घेतला होता, त्यांना जुन्याच भावात मुदत पुरी करता आली. त्याच वेळी कितीतरी लोक नंबर तोच ठेवून बी.एस.एन.एल. या सरकारी कंपनीकडे गेले. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच होत्या.

मग तोटा कशात आहे?

जाताना उरलेले दिवस बरोबर नेता येत नाहीत. कंपनी बदलली की जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि खात्यातले पैसे तिथेच राहतात. ते नव्या कंपनीत जमा होत नाहीत. म्हणून निघण्याआधी हिशेब करावा.

हिशेब सोपा आहे. पॅकच्या पैशाला दिवसांनी भागावे. रोजाचा भाव निघतो. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. खरे भाव दुकानात विचारा.

२८ दिवसांचा पॅक १९६ रुपयांना. म्हणजे रोज ७ रुपये.
८४ दिवसांचा पॅक ५०४ रुपयांना. म्हणजे रोज ६ रुपये.
३६५ दिवसांचा पॅक १,८२५ रुपयांना. म्हणजे रोज ५ रुपये.

आता आबांचे बघा. ६५ दिवस झाले. ६५ गुणिले ५, म्हणजे ३२५ रुपये वापरले गेले. ३०० दिवस उरले. ३०० गुणिले ५, म्हणजे १,५०० रुपये अडकले. मोठा पॅक रोजाला स्वस्त पडतो हे खरे. पण मध्येच सोडला, तर तोच सगळ्यात महाग पडतो.

आणखी एक गोष्ट. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात महिने १२, पण असे रिचार्ज १३ लागतात. लोकांनी याबद्दल तक्रारी केल्या. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने हुकूम काढला. पूर्ण ३० दिवसांचा एक तरी पॅक, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा एक तरी पॅक, प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे.

ज्यांचा फोन साधा बटणांचा आहे, त्यांना इंटरनेटचे पैसे कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने तेही सांगितले. फक्त बोलणे आणि संदेश एवढ्यापुरता पॅकही कंपन्यांनी ठेवला पाहिजे. दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही. आपण नाव घेऊन मागावा.

कंपनी तीच, पॅक दुसरा

कंपनी बदलायची नसेल, तर काम सोपे आहे. दुसरा रिचार्ज मारायचा. पण आधी एक प्रश्न विचारा: "नवा पॅक आजच लागू होईल, की जुना संपल्यावर?" काही पॅक जुना संपेपर्यंत रांगेत थांबतात. काही लगेच सुरू होतात. पोस्टपेड फोनचा प्लॅन बदलायला सांगितला, तर तो लगेच किंवा पुढच्या बिलापासून बदलून मिळतो.

नंबर तोच, कंपनी दुसरी

पूर्वी कंपनी सोडली की नंबर जाई. पाहुण्यारावळ्यांना नवा नंबर कळवत बसावे लागे. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात नवी सोय सुरू झाली. २० जानेवारी २०११ पासून ती सगळ्या देशात आली. नंबर ठेवून कंपनी बदलायची, याला 'पोर्ट करणे' म्हणतात. जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेले तरी जुना नंबर ठेवता येतो.

पोर्ट करण्याची रीत अशी:

१. संदेश लिहायच्या जागी इंग्रजीत पी, ओ, आर, टी ही चार अक्षरे लिहा. थोडी जागा सोडा. मग आपला दहा आकडी नंबर लिहा. हा संदेश १९०० या नंबरला पाठवा. पॅकमध्ये संदेशाची सोय नसली तरी हा संदेश गेला पाहिजे. तसा हुकूम ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये दिला आहे.

२. उलट संदेश येतो. त्यात आठ अक्षरांचा कोड असतो. आपल्याकडे हा कोड ४ दिवस चालतो.

३. कोड आणि आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. तिथे फोटो काढतात आणि नवे सिम देतात.

४. आपल्या भागातल्या भागात पोर्ट होण्यास कामाचे ३ दिवस लागतात. मुंबई हा फोनच्या हिशेबात वेगळा भाग आहे. एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर ५ दिवस लागतात. जुने सिम बंद पडले की नवे घाला. मध्ये थोडा वेळ फोन बंद राहील. घाबरू नका.

कोड केव्हा मिळत नाही?

फोन सुरू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट होऊन ९० दिवस झाले नसतील, तर कोड मिळत नाही. म्हणजे आज गेलो आणि उद्या परत आलो, असे चालत नाही. पोस्टपेडचे बिल थकले असेल, तर मिळत नाही. करारात सोडण्याची अट घातली असेल आणि ती पाळली नसेल, तरी मिळत नाही. हरवलेल्या सिमच्या बदली नवे सिम घेतले असेल, तर ७ दिवस थांबावे लागते. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.

फोनच हप्त्यावर घेतला असेल, तर ध्यानात ठेवा. हप्ता हे वेगळे कर्ज आहे. सिम बदलले तरी हप्ता सुटत नाही. काही स्वस्त फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतात. तेही आधी विचारा.

कोड म्हणजे तिजोरीची किल्ली

"साहेब बोलतोय, तुमचा नंबर बंद होणार, आलेला कोड सांगा," असा फोन आला तर ठेवून द्या. चोराच्या हाती कोड गेला, तर आपला नंबर त्याच्या सिमवर जाऊ शकतो. मग बँकेचे संदेश त्याला जातात. खाते रिकामे होऊ शकते. कोड फक्त आपण स्वतः गेलो त्या दुकानातच द्यावा. पैशाची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन करावा.

तक्रार कुठे करावी?

आधी आपल्याच कंपनीच्या १९८ या नंबरला. तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. आता लिहिता येते ना? मग वापरा ते. उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. १९१५ ही सरकारची ग्राहकांसाठी मदतीची लाइन आहे.

याहून पुढे जायचे तर छत्रपती संभाजीनगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. फोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही.

आबांनी काय केले?

आबांनी आधी १९८ ला तक्रार केली. पैसेही परत मागितले. उत्तर आले, टॉवर लांब आहे. पैसे मिळाले नाहीत.

मग गुरुजी म्हणाले, "शेजाऱ्याचं सिम घटकाभर मागून घ्या. आपल्या फोनमध्ये घाला. घरात बघा, विहिरीवर बघा, मळ्यात बघा." आबांनी तसे केले. सगळीकडे फोन लागला.

तरी आबांचे मन होईना. "गुरुजी, पंधराशे रुपये बुडणार."

"आबा, पेरलेलं बी उगवलं नाही तर तुम्ही काय करता?"

"दुबार पेरणी. दुसरं काय?"

"पहिल्या बियाण्याचे पैसे गेले म्हणून रान पडीक ठेवता का?"

आबा गप्प झाले. त्यांना ती रात्र आठवली. म्हणाले, "नाही ठेवत. हंगाम जातो."

"मग झालं तर. दहा दिवस उरले असते, तर थांबा म्हटलं असतं. पण पॅकचे दहा महिने उरलेत. त्यात रात्र काही विचारून येत नाही."

आबा गावात आले, कारण वस्तीवर रेंज नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने संदेश लिहिला. कोड आला. चौथ्या दिवशी नवे सिम सुरू झाले. नंबर तोच राहिला. बँकेत काही बदलावे लागले नाही.

दुकानदार पुन्हा म्हणाला, "आबा, वर्षाचा मारा. स्वस्त पडतो."

आबा हसले. "आधी २८ दिवसांचा दे. पावसापाण्यात फोन लागतो का बघू. मग मोठ्याचं बघू."

ध्यानात ठेवा

पॅक मध्येच बदलता येतो. कंपनीही बदलता येते. नंबर आपलाच राहतो.

उरलेले दिवस आणि पैसे बरोबर येत नाहीत. थोडे दिवस उरले असतील, तर थांबा. पॅक संपायच्या चार-पाच दिवस आधी संदेश पाठवा.

आधी रेंज बघा, मग भाव बघा.

नव्या कंपनीत पहिला पॅक लहान घ्या.

कोड कोणालाही फोनवर सांगू नका.

करून बघा

तुमच्या फोनचा पॅक किती रुपयांचा आहे? किती दिवसांचा आहे? भागाकार करा. रोजाचा भाव वहीत लिहा. आज किती दिवस उरले, तेही त्याखाली लिहा.